पहारा आणि दप्तर

श्रीवर्धनचें नांव घेतलें म्हणजे मराठी वाचकाच्या मनांत प्रथम बाळाजी विश्वनाथ भट उभे राहतात, आणि तें योग्यच आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालीं असलेल्या ह्या बंदरगांवची देशमुखी ज्या घराण्याकडे होती, त्यांतील हा पुरुष सिद्दीच्या रोषामुळें गांव सोडून घाटावर गेला आणि १७१३ सालीं शाहू महाराजांनीं त्यास पेशवेपद दिलें, ही कथा शाळेंतील मुलांसही पाठ असते. परंतु ह्या घराण्याच्या कारभारांतून मागें राहिलेल्या ज्या ठेव्याकडे आमच्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाचें लक्ष अधिक जातें, तो ठेवा म्हणजे पुण्याचें पेशवे दप्तर होय. राज्य १८१८ त बुडालें, दप्तर राहिलें. कोणत्या दिवशीं कोणास काय दिलें, कोणत्या चौकीवर किती माणसें होतीं, कोणाचें बैल चोरीस गेले, ह्याच्या रोजच्या नोंदी करणाऱ्या कारकुनांस आपण इतिहास लिहीत आहों असें स्वप्नांतही वाटलें नसेल. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत त्यांतून निवडून पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले, तेव्हां कोठें त्या कारकुनांच्या बोरूची किंमत लोकांस कळली.

ह्या दप्तराची आठवण आम्हांस एका अगदीं घरगुती प्रसंगानें झाली. श्रीवर्धनास आमच्या आत्याबाईंचें घर आहे. पुढें ओटी, मागें पडवी, त्यामागें विहीर आणि विहिरीपलीकडे नारळी-पोफळींची वाडी. आत्याबाई ऐंशीच्या पुढें आहेत व एकट्या राहतात; त्यांचे दोघे चिरंजीव नोकरीच्या निमित्तानें एक मुंबईस व एक पुण्यास असतात. किनाऱ्यावरील पुष्कळ जुन्या घरांची आज हीच स्थिति असल्यामुळें अधिक विस्तार करीत नाहीं. घरास चार कॅमेरे आणि त्यांचीं चित्रें सांठविणारी एक पेटी मुलांनीं पूर्वींच बसविली होती. असें असतां एका पौषांत, वाळवून पोत्यांत भरून पडवींत ठेवलेली पांच पोतीं असोली सुपारी एके रात्रींत नाहींशी झाली.

पांच पोतीं म्हणजे काय मोठेंसें, असें शहरांतील वाचकास वाटेल. त्यानें ३ जून २०२० हा दिवस आठवावा. त्या दिवशीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड ह्या किनाऱ्यावर आलें आणि दोन प्रहरांच्या आंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून नीट धरूं लागेपर्यंत सहासात वर्षें जातात. श्रीवर्धनचा रोठा मुंबईच्या बाजारांत नांवाजलेला खरा, पण झाडच पडलें तर नांव काय चाटावयाचें? वादळांतून वांचलेल्या मोजक्या झाडांची ती पांच पोतीं होतीं. आत्याबाईंचा वर्षाचा वरखर्च त्यांत होता.

मुलें धांवत आलीं व त्यांनीं पेटी उघडली. तिच्यांतील शेवटचें चित्र मागील गणेशोत्सवाचें निघालें! त्यानंतर आंतील तबकडी बिघडली होती, आणि ती बिघडल्याचें कोणास कळविण्याची बुद्धि त्या पेटीस कोणीं दिली नव्हती. बाहेरचा हिरवा दिवा मात्र शेवटपर्यंत इमानानें लुकलुकत होता. शिवाय जीं जुनीं चित्रें शिल्लक होतीं, त्यांवर तारीख १ जानेवारी २००० अशी. कारण घड्याळाची बारीक बॅटरी संपलेली. ह्या पेटीच्या भरंवशावर घर चार महिने निर्धास्त झोपलें होतें.

पुरावा नसला म्हणजे संशयास मोकळें रान मिळतें. वाडींत पंधरा-सोळा वर्षें शिंपणें व काढणी करणारा जो गडी, त्याच्याकडे गांवांतील दोघांचौघांनीं बोट दाखविलें. पडवीची वाट त्यास ठाऊक, पोतीं त्यानेंच भरलेलीं, एवढाच काय तो आधार. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर येईनासा झाला. आम्ही श्रीवर्धनास पोंचलों तेव्हां आत्याबाई ओटीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, तुमच्या त्या डब्यानें चोर दाखवला नाहीं तो नाहींच, माझा माणूस मात्र घालवला.” ह्यावर आम्हांस कांहीं उत्तर सुचलें नाहीं. नवी व्यवस्था करण्याचें ठरलें, आणि इतिहासाच्या प्राध्यापकास यंत्रांतलें काय कळतें असें कोणीं विचारण्यापूर्वींच तें काम आमच्याकडे आलें. कारण सुट्टी काय ती आम्हांलाच होती.

ह्या तालुक्यास पहाऱ्याचा इतिहास नवा नाहीं. सिद्दीच्या काळीं समुद्रावर नजर होती ती जंजिऱ्याच्या बुरुजांवरून. संस्थान १९४८ त विलीन झालें. किनारा तेवढाच उघडा राहिला. फेब्रुवारी १९९३ मध्यें ह्याच तालुक्यांतील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकें उतरलीं व १२ मार्चला मुंबई हादरली. त्यावेळीं पहारा नव्हता असें कोणी म्हणूं नये. पहारा होता, पण जकात खात्यांतील व पोलिसांतील ज्यांनीं पहावयाचें त्यांतल्याच कित्येकांनीं पैसे घेऊन डोळे मिटले, असें पुढें विशेष न्यायालयानें ठरविलें. दिवेआगरास १९९७ च्या नोव्हेंबरांत एका वाडींत खणतांना तांब्याच्या पेटींत सोन्याचा गणेशमुखवटा सांपडला होता. २४ मार्च २०१२ च्या पहांटे दरोडेखोरांनीं तो नेला आणि देवळाच्या दोघां पहारेकऱ्यांचा प्राण घेतला. खटला होऊन २०१७ त शिक्षा झाल्या. परत मिळालेल्या सोन्यासह नवा मुखवटा २०२१ त बसविण्यांत आला. त्या दोन पहारेकऱ्यांनीं आपलें काम प्राणापलीकडे केलें. आणि १८ ऑगस्ट २०२२ रोजीं हरिहरेश्वरच्या समुद्रांत बंदुका असलेली एक बेवारशी नौका वाहत आली, तेव्हां ती मस्कतजवळ खलाशांनीं बिघाडामुळें सोडलेली होती हें कागदपत्रांवरून कळेपर्यंत सारा तालुका श्वास रोखून होता. लांच घेणारा पहारेकरी, मारला जाणारा पहारेकरी, आणि नुसत्या कागदांनीं निवळलेली भीति, हे तीनही प्रकार आम्हांस एका तालुक्यांत तीस वर्षांच्या आंत पाहावयास मिळाले.

दुरून पाहण्याचें यंत्र मनुष्यास मिळालें तें युद्धांत. १९४२ त जर्मनींत पेनेम्युंडे येथें अग्निबाणांचें उड्डाण सुरक्षित अंतरावरून दिसावें म्हणून वाल्टर ब्रुख ह्या अभियंत्यानें तारेनें जोडलेला दूरचित्र-कॅमेरा उभा केला. पण तें केवळ पाहणें होतें. क्षण गेला कीं चित्र गेलें. चित्र फितीवर धरून ठेवणारें पहिलें व्यवहार्य यंत्र अमेरिकेंत अँपेक्स कंपनीनें १९५६ त आणलें, त्याची फीत दोन इंच रुंद व यंत्र कपाटाएवढें. घराच्या दारावर कॅमेरा बसविण्याची कल्पना मात्र एका परिचारिकेची आहे, आणि ही गोष्ट आम्हांस फार आवडते. न्यूयॉर्कमध्यें क्वीन्स भागांत राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही बाई वेळीं-अवेळीं घरीं एकटी असे. दारांतील चार भोंकांपुढें वरखालीं सरकणारा कॅमेरा व निजावयाच्या खोलींत पडदा अशी योजना तिनें नवऱ्याच्या मदतीनें केली. १९६६ त अर्ज केला व १९६९ च्या डिसेंबरांत तिला पेटंट मिळालें. पुढें १९७६ त जपानांतून व्ही. एच्. एस्. फीत आली. पेढ्यांतून व दुकानांतून तीच फीत पुन्हां पुन्हां पुसून वापरीत, इतकी कीं अखेरीस तीवर धुकें तेवढें उरे. शतकाच्या शेवटीं फितीची जागा तबकडीनें घेतली. १९९६ त स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीनें संगणकांच्या जाळ्यास थेट जोडतां येणारा पहिला कॅमेरा विकावयास काढला. पूर्ण आकाराचें एक चित्र द्यावयास त्याला सतरा सेकंद लागत. तेवढ्यांत चोर पोफळीवर चढून खालीं उतरला असता!

आतां मूळ प्रश्न. चित्रें सांठविण्यास बाजारांतील तयार पेटी घ्यावी, कीं ज्यास ‘मिनी पीसी’ म्हणतात तसा लहानसा संगणक? तयार पेटी स्वस्त असते, कोणासही जोडतां येते, आणि ज्यास पुन्हां तिकडे पाहावयाचें नाहीं त्यानें तीच घ्यावी, असें आम्ही प्रांजलपणें सांगतों. पण तिच्या पोटांत काय चाललें आहे हें ती सांगत नाहीं, व तिची आज्ञावली बदलावयाची झाल्यास कारखानदाराच्या मर्जीवर राहावें लागतें. २०१६ मध्यें ‘मिराय’ नांवाच्या दुष्ट आज्ञावलीनें जगभरचे असे लाखों कॅमेरे व पेट्या, केवळ कारखान्यांत घातलेला संकेतशब्द कोणीं बदलला नाहीं म्हणून, आपल्या ताब्यांत घेतल्या आणि त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें बंद पाडलीं. पहारेकरी फितूर झाला तो असा. २०२५ च्या एप्रिलपासून आपल्याकडे विक्रीच्या कॅमेऱ्यांस सरकारी तपासणीचा दाखला आवश्यक झाला आहे, तो ह्याच भीतीपोटीं.

लहान संगणकांचा इतिहासही थोडका नाहीं. २०१२ त इंग्लंडांतून रास्पबेरी पाय निघाला, पत्त्यांच्या जोडाएवढा. त्याच सुमारास इंटेलनें चार इंची चौकोनी ‘नक’ काढला व पुढें दहा वर्षांनीं, २०२३ त, तो धंदा स्वतः सोडून असूसकडे सोंपविला. रास्पबेरी पायवर चित्रें सांठवावयाचीं तर एक पथ्य पाळावें: तीं त्याच्या स्मृतिपत्त्यावर लिहूं नयेत. त्या नखाएवढ्या पत्त्यावर रात्रंदिवस लिहिणें म्हणजे पाटीवर खिळ्यानें लिहिण्यासारखें आहे; तो झिजतो. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर कचेऱ्यांतून निघालेले वापरलेले छोटे संगणकही मिळतात व ते टिकाऊ असतात. आमचा ओढा जुन्या वस्तूंकडे असल्यामुळें आम्ही तिकडेच वळलों होतों; परंतु पुण्याच्या आतेभावानें विजेचा हिशेब मांडला व आम्हांस गप्प केलें. घरांत पडून असलेला मोठा जुना संगणक साठ वॅट खातो. चोवीस तास चालवला तर महिन्यास त्रेचाळीस युनिट होतात. २०२३ च्या आरंभीं आलेल्या एन् १०० ह्या इंटेलच्या चिपेस मुळीं सहा वॅटच नेमून दिलेले. सारा लहान संगणक दहा वॅटांत चालला तर महिना सात युनिटांत भागतो. त्याहून मोठा मुद्दा दिवे जाण्याचा. संगणक, चार कॅमेरे व जाळ्याची पेटी मिळून पंचेचाळीस वॅट धरले, तर इन्व्हर्टरच्या दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीवर हा संसार एक दिवस व एक रात्र निभतो. निसर्ग वादळानंतर इकडे वीज कित्येक आठवडे नव्हती हें खरें. तेवढ्याची तरतूद कोणतीच बॅटरी करणार नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रें सांठविण्यास फार बलाढ्य संगणक लागतो असें लोक समजतात. वस्तुतः आजचा कॅमेरा चित्र दाबून लहान करूनच पाठवितो. संगणकानें तें आलें तसें दप्तरांत टाकावयाचें असतें. बळ लागतें तें चित्र उलगडून त्यांत माणूस आहे कीं मांजर, हें ओळखावयास. आणि श्रीवर्धनच्या वाडींत ह्या ओळखीवांचून गत्यंतर नाहीं, कारण तेथें रात्रभर सर्वच हालत असतें. हालचाल झाली कीं नोंद करावयाची हा जुना नियम लावला, तर झांवळ्या, वटवाघळें, आणि कॅमेऱ्याच्या अदृश्य प्रकाशावर झेंपावणारे किडे ह्यांनीं दप्तर भरून जातें. कोळ्यानें भिंगापुढें जाळें विणलें म्हणजे तर विचारूंच नये. म्हणून आम्हीं प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन प्रवाह घेतले: एक मोठा, सांठविण्याचा, दुसरा लहान, ओळखण्याचा. एन् १०० च्या अंगांतच चित्र उलगडण्याची सोय असते, आणि ‘फ्रिगेट’ ही विनामूल्य आज्ञावली त्या सोयीचा उपयोग करून माणूस तेवढा निराळा काढते. नोंद अखंड राहते. माणसाच्या नोंदीवर खूण पडते. जुन्या दप्तरांत रुमालावर चिठ्ठी बांधीत, तसेंच हें.

तबकडी किती मोठी घ्यावी हें त्रैराशिक आहे. सेकंदास चार मेगाबिट पाठविणारा कॅमेरा दिवसास त्रेचाळीस गिगाबाइट लिहितो. असे चार कॅमेरे चार टेराबाइटची तबकडी तेवीस दिवसांत भरतात. २००३ ची एच्. २६४ ही दाबण्याची रीति सोडून २०१३ ची एच्. २६५ घेतली तर जागा जवळजवळ निम्मी लागते, म्हणजे दोन टेराबाइटांत तेच तेवीस दिवस मिळतात. आम्हीं दुसरा मार्ग घेतला. फिरती तबकडी न घेतां स्थिर स्मृतीची घेतली, कारण लहान पेटींत उष्णता कमी हवी आणि खाऱ्या हवेंत फिरणारें कांहीं जितकें कमी तितकें बरें. त्याच कारणास्तव पंखा नसलेली पेटी घेतली. पंखा खारी हवा आंत ओढतो, आणि पावसाळ्यांत तिच्या मागोमाग मुंग्या येतात. दुकानदार ज्याविषयीं बोलत नाहीं अशी एक गोष्ट वाचकांनीं अवश्य पाहावी: वीज जाऊन परत आली कीं संगणक आपोआप सुरू होतो कीं नाहीं. ती एक खूण आंतील मांडणींत करावी लागते. नाहींतर दिवे एकदा गेले कीं पहारेकरी कायमचा निजला.

तारखेचा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा. कागदावर तिथि नसली किंवा खोटी असली, तर संशोधक तो बाजूस ठेवतो. मूळ कीं नक्कल हेंही विचारतो. न्यायालयें तेंच करतात. जालना मतदारसंघांत २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळीं उमेदवारी अर्ज दुपारीं तीनच्या आंत आला कीं नंतर, हा वाद कचेरींतील चलच्चित्रांवर येऊन ठेपला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल ह्या त्या प्रकरणीं १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ज्या यंत्रांत नोंद झाली तें मूळ यंत्रच मालकानें स्वतः साक्षीस येऊन हजर केलें तर वेगळा दाखला नको; नक्कल दिली तर कायद्यानें सांगितलेला दाखला हवाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येंही हा दाखला आहे, आणि त्यांत आतां त्या नोंदीचा आंकडेरूप ठसाही नमूद करावा लागतो, म्हणजे मागाहून एक टिंब बदललें तरी ठसा जुळत नाहीं. मूळ यंत्र उचलून न्यायालयांत नेतां यावें इतकें लहान असणें हा त्याचा एक गुणच म्हणावयाचा. संगणकाचें घड्याळ आम्हीं जाळ्यावरील वेळेशीं बांधलें, कॅमेऱ्यांची घड्याळें संगणकाशीं. आणि तबकडी बिघडली वा नोंद थांबली तर दोघांही मुलांस त्याच क्षणीं निरोप जावा अशी व्यवस्था केली. पेटी ठेवली माळ्यावर, जुन्या भातेरी कणगीमागें. कॅमेऱ्याखालींच पेटी ठेवणें म्हणजे चोरास साक्षीदार बांधून देणें.

एवढें सर्व झाल्यावर आत्याबाईंनीं विचारलें, “ह्यांत मी दिसणार का?”

ह्या प्रश्नाचा विचार आमच्यापैकीं कोणींच केला नव्हता. मुलांचा आग्रह ओटी व माजघर दोन्ही दिसावीं असा होता. आई पडली, तर कळावें म्हणून. त्यांच्या काळजींत खोट नव्हती. परंतु त्या म्हणाल्या, “माझ्या ओटीवर कोण येतं, किती वेळ बसतं, हें तुम्हीं मुंबईस बसून कशाला पाहायचं? तुमच्या बाबांनीं सुद्धां कधीं विचारलं नाहीं.” आम्हीं त्यांची बाजू घेतली. इतिहासकारास प्रत्येक कागद हवा असतो, आणि १८९८ त राजवाड्यांनीं ‘साधनां’चा पहिला खंड काढल्यापासून कागद जाळणाऱ्यांस आम्ही शिव्याच देत आलों आहों, तरी जिवंत माणसाच्या ओटीचें दप्तर ठेवण्याचा अधिकार आम्हांस आहे असें आम्हांस वाटत नाहीं. शेवटीं कॅमेरे लागले ते फाटकावर, विहिरीवर, पडवीच्या दारावर आणि समुद्राकडील वाटेवर. आवाजाची नोंद बंद. बाहेरून पाहण्याची किल्ली मुलांकडे. पण जुनी नोंद उघडावयाची तर आत्याबाईंस विचारून.

किती दिवस ठेवावयाचें ह्यावरही थोडा वाद झाला. पोलीस ठाण्यांतील चित्रें शक्य तर अठरा महिने, निदान एक वर्ष ठेवावीं असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२० मध्यें सांगितलें आहे. तेथें माणूस सत्तेच्या हातीं असतो म्हणून तें रास्तच. घरास तेवीस दिवस पुरे आहेत. चोविसाव्या दिवशीं पहिला दिवस पुसला जातो, हें लिहितांना आमचा हात किंचित् अडखळतो, पण आत्याबाईंचा अडखळला नाहीं.

सुपारी कोणीं नेली हें अद्याप कळलेलें नाहीं. पेटी बसविण्याच्या आदल्या दिवशीं आत्याबाई काठी टेंकीत गड्याच्या घरीं गेल्या. तेथें काय बोलणें झालें तें त्यांनीं सांगितलें नाहीं व आम्हींही विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आला. समुद्राकडील वाटेचा कॅमेरा कोणत्या झाडाआड बसवावा, म्हणजे झांवळी मध्यें येणार नाहीं, हें त्यानेंच दाखविलें. वर चढून खिळेही त्यानेंच मारले. नव्या दप्तरांत माणसाची पहिली खूण पडली ती त्याची, दुसऱ्या दिवशीं पहांटे पांच चाळीसला, हातांत कोयता घेऊन फाटकांतून आंत येतांना. आत्याबाईंनीं तें चित्र पाहिलें, भिंतीवरील घड्याळाकडे पाहिलें, आणि आपलें घड्याळ चार मिनिटें पुढें आहे एवढेंच म्हणाल्या. तें त्यांनीं मागें केलें नाहीं.